रक्ताचा हिशेब: व्हॅम्पायर प्रेमकादंबरी स्वतः प्रसिद्ध करण्यापूर्वी

डिस्टोपियन व्हॅम्पायर प्रेमकादंबरीत तीन कथाप्रकार एकत्र नांदतात. रक्त पिऊन जगणारा अमर जीव भयकथेतून येतो, जुलमी व्यवस्थेखाली दबलेला उद्याचा समाज डिस्टोपियातून येतो, आणि शिकारी व शिकार यांचे जुळेल का, ही ओढ प्रेमकथेतून येते. तिन्हींचे वाचक वेगळे आणि त्यांचे मागणेही वेगळे. एकाला भीती हवी असते, दुसऱ्याला पटणारे जग हवे असते, तिसऱ्याला दोन जिवंत माणसे हवी असतात. लेखकाने कादंबरी प्रकाशकाविना, स्वतःच्या हिमतीवर काढली असेल तर या तिघांचे भांडण मिटवणारा संपादकही नसतो. गुण आणि दोष दोन्ही तिथूनच निघतात.

जोखताना पहिला प्रश्न रक्ताच्या नियमाचा. या जगात रक्त कोण देतो, कोण घेतो, किती घेतो आणि दिले नाही तर काय होते? हा नियम राज्यकारभाराला लागू असतो तसाच प्रेमालाही लागू असला पाहिजे. पहिल्या भागात रक्त कर म्हणून वसूल होते आणि पुढे नायक-नायिका एकत्र आल्यावर तेच रक्त मानेवरच्या चुंबनापुरते उरते, अशी स्थिती असेल तर दोन अर्धी पुस्तके एका मुखपृष्ठात बांधली गेली आहेत असे समजावे. बाकीचे बहुतेक दोष या एका फटीतून आत शिरतात.

व्हॅम्पायर मुळातच सत्तेची गोष्ट सांगतो. जॉन पॉलिडोरी यांच्या १८१९ च्या कथेत तो उमराव झाला. शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ (१८७२) आणि ब्रॅम स्टोकर यांचा ‘ड्रॅक्युला’ (१८९७) यांतही वरच्या वर्गातले कोणीतरी खालच्यांच्या किंवा परक्यांच्या जिवावर पोसले जाते. कार्ल मार्क्स यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ ग्रंथात जिवंत श्रम शोषून जगणाऱ्या भांडवलासाठी हीच प्रतिमा वापरली. त्यामुळे व्हॅम्पायर राज्यकर्ता झाला की कथा ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. ज्युली कागावा यांच्या ‘द इम्मॉर्टल रूल्स’ (२०१२) या कादंबरीत तटबंद शहरांवर व्हॅम्पायर राज्य करतात. नोंदणी झालेल्या माणसांनी रक्त द्यायचे आणि बदल्यात अन्न घ्यायचे. नोंद नसलेल्यांनी कडेकडेने चोरून जगायचे. रेशनकार्डासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. डिस्टोपियाचे खरे बळ हेच: ओळखीच्या गोष्टीला एकच पिळा जास्त द्यायचा.

मराठी वाचकालाही हा मुलूख अगदीच परका नाही. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि रक्तपिपासूंना मराठी गावात आणले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी चाळीतल्या, ब्लॉकमधल्या साध्या घरात भय कसे शिरते ते दाखवले. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) चित्रपटात डोंबिवलीतले टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातली दरी हाच कथेचा कणा आहे; त्यांच्याच ‘थामा’ (२०२५) या हिंदी चित्रपटात बेताळांच्या कुळाशी प्रेमकथा जोडलेली आहे. प्रेम आणि जुलमी काळ एकाच श्वासात कसे लिहावे याचा सर्वांत मोठा मराठी धडा मात्र भुताखेतांच्या बाहेर आहे. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) बोटीवरच्या थोड्या दिवसांत चक्रधर आणि हॅर्टा जवळ येतात. हॅर्टा ज्यू आहे, म्हणून तिला कुठे उतरता येईल आणि कुठे नाही हे तिच्या हातात उरलेले नाही. राजकारण त्या प्रेमाच्या मागे पडद्यासारखे टांगलेले नाही. प्रेम किती दिवस चालेल हे तेच ठरवते. या प्रकारात लिहिणाऱ्याने व्हॅम्पायरच्या दहा कादंबऱ्या वाचण्याआधी ही एक वाचावी.

सुरतच्या लिंबायतमध्ये बसून असे लिहिणाऱ्याच्या हातात सामग्री भरपूर आहे. गुजरातेतल्याच बडोद्यात मराठी आली ती गायकवाडांच्या दरबाराबरोबर, आणि २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम इथली मराठी आली ती खानदेशातून, ताप्ती लाइनच्या गाडीने, लूमच्या खात्यात आणि डाइंग मिलमध्ये काम शोधत. या वस्तीचे वेळापत्रकच भयकथेला जवळचे आहे. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. एक माणूस कामावर जातो तेव्हा दुसरा त्याच खोलीत येऊन झोपतो. रात्री जागणारे आणि दिवसा पडदे ओढून झोपणारे लोक इथे नेहमीचेच आहेत. ज्या व्हॅम्पायरला ऊन सोसत नाही, त्याला लपायला इथल्या रातपाळीसारखी जागा सापडणार नाही.

शहराची आठवणही तशीच जड आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो लोक काही दिवसांत सुरत सोडून निघाले आणि गाड्या खचाखच भरून खानदेशाकडे गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने शहर बुडवले. मिठी खाडीचे पाणी तर लिंबायतच्या घरांत पावसाळ्यात आजही शिरते. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) या मूकपटात व्हॅम्पायर उंदीर आणि प्लेग घेऊनच शहरात येतो. प्लेगच्या दिवसांच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्या लेखिकेने तोच धागा उचलला, तर तिला युरोपातला किल्ला उसना आणावा लागत नाही.

यातून कथा कशी उभी राहते हे एका कल्पित आराखड्यावरून पाहता येईल. समजा, एका महापुरानंतर शहर व्हॅम्पायरांच्या ताब्यात गेले आहे. ते वेसूकडच्या उंच इमारतींत राहतात. रेल्वेलाइनच्या पूर्वेकडच्या वस्तीने घरभाड्याऐवजी रक्त द्यायचे, आणि वसुली करणारा प्रत्येक खोलीचा हिशेब चोपड्यात लिहितो. नायिका घरी बसून साड्यांना खडे लावते, धागे कापते. नवखा लेखक पहिल्या भेटीचा प्रसंग असा लिहितो: वसुलीला आलेल्या तरुणाचे डोळे निळेशार आहेत, ती त्या डोळ्यांत हरवते, तिच्या छातीत धडधडते. हे वाक्य कोणत्याही कादंबरीतून उचलून कोणत्याही कादंबरीत बसवता येईल.

आता तोच प्रसंग रक्ताच्या नियमातून लिहून पाहावा. दारात वसुलीवाला उभा आहे आणि नायिकेच्या बोटात सुई घुसते. ती दचकून बोट तोंडात घालते. दुखले म्हणून नव्हे. या शहरात सांडलेला थेंब सरकारी मालाची नासाडी ठरतो आणि त्याचा दंड घरातल्या सगळ्यांवर बसतो. तरुणाला वास आला आहे. त्याची बोटे चोपड्याच्या कडेवर घट्ट झाली आहेत, कारण त्यालाही भूक आहे. मांडीवरच्या पिवळ्या साडीवर एक लाल ठिपका पडला आहे आणि ती त्यावर घाईघाईने खडा चिकटवते. तो ते पाहतो, चोपडा मिटतो आणि त्या खोलीपुढे काहीच न लिहिता पुढच्या दाराकडे वळतो. भीती, व्यवस्था आणि प्रेमाचा पहिला अंकुर हे तिन्ही इथे एकाच थेंबात आहेत. पुढे तो न लिहिलेला थेंब कोणीतरी शोधून काढणार, हेही वाचकाला आतून कळते. प्रकरण वाचून झाल्यावर प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न विचारावा: इथून रक्ताचा नियम काढून टाकला तरी प्रसंग तसाच उभा राहतो का? राहत असेल तर तो पुन्हा लिहायला हवा.

स्वप्रकाशित कादंबरीचे खरे बळ या स्थानिकपणात आणि मोकळीकीत आहे. मराठी प्रकाशकाला लिंबायतच्या पार्श्वभूमीवरची व्हॅम्पायर प्रेमकथा कोणत्या रकान्यात घालावी हे कदाचित समजणार नाही. स्वतः प्रकाशित करणाऱ्याला रकाना शोधावा लागत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या अमांडा हॉकिंग यांची हस्तलिखिते प्रकाशकांकडून परत येत होती. त्यांनी २०१० मध्ये ‘माय ब्लड अप्रूव्ह्ज’ ही व्हॅम्पायर प्रेमकथा स्वतःच ई-पुस्तक म्हणून विक्रीला ठेवली, आणि त्यांच्या पुस्तकांचा खप दहा लाखांवर गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेशी करार केला. संपादन, मुखपृष्ठ, पत्रव्यवहार यांतच दिवस जातो आणि लिहायला वेळ उरत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. यश मिळालेल्या लेखिकेलाही संपादकाची उणीव जाणवली, ही बाब नव्या लेखकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नियमांतली विसंगती हा उणिवांपैकी सर्वांत सहज पकडला जाणारा दोष. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा दुबळा होतो पण हिंडू शकतो, उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना ‘नोस्फेरातू’पासून रूढ झाली, स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) त्याची त्वचा उन्हात चमकते. म्हणजे नियम बदलायला कोणाचीही ना नाही. एकदा ठरवलेला नियम अडचणीच्या प्रसंगी मोडणे मात्र वाचक माफ करत नाही. तिसऱ्या प्रकरणात उन्हाने पोळणारा नायक विसाव्या प्रकरणात नायिकेला वाचवायला भर दुपारी रेल्वेखालच्या गरनाळ्यापर्यंत धावला, की पुढच्या कोणत्याही संकटाची भीती वाटत नाही. लिहिण्याआधी एका कागदावर नियम उतरवून ठेवावेत: ऊन, भूक, जखम, मरण, माणसाचा व्हॅम्पायर होण्याची रीत. कागद पानभराचा पुरे.

दुसरी उणीव जगाच्या वर्णनाची. पुराची कारणे, राजवटीचा इतिहास, कायद्यांची कलमे पहिल्या तीस पानांत ओतली जातात आणि नायिका तोवर खिडकीशी उभी राहून सगळे आठवत असते. राजवट वाचकाला कळावी ती दारावरच्या थापेतून, रांगेतल्या कुजबुजीतून, आजीने अर्धवट सोडलेल्या वाक्यातून. उलट दोषही आढळतो. काही कादंबऱ्यांत डिस्टोपिया केवळ मोडक्या इमारतींपुरता असतो. अन्न कुठून येते, पाणी कोण सोडते, लूम कोणासाठी चालतात याचा पत्ता नसतो. ज्या राजवटीचे अर्थकारण लेखकाला ठाऊक नाही, तिच्याविरुद्धचे बंडही वाचकाला पटत नाही.

प्रेमकथेतला दोष अधिक गंभीर आहे, आणि त्याकडे डोळेझाक करू नये. व्हॅम्पायर शेकडो वर्षांचा, बलवान, सत्ताधारी जमातीतला. नायिका बहुधा विशीच्या आतबाहेरची आणि त्याच्या अन्नाच्या यादीतली. ही विषमता हीच कथेची ठिणगी आहे, म्हणून ती नाहीशी करून चालत नाही. पण पाळत ठेवणे, रात्री न विचारता खोलीत शिरणे, ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून तिचे निर्णय स्वतः घेणे याला लेखक प्रेमाची खूण म्हणून दाद देऊ लागला, तर कादंबरी ज्या जुलमाविरुद्ध उभी आहे त्याचीच बाजू घेते. कसोटी सोपी आहे: नायिका ‘नाही’ म्हणते तेव्हा काय होते? त्या नकाराची किंमत नायकाला मोजावी लागते का? तिच्याकडे स्वतःचे काम, कमाई, मैत्रिणी आणि प्रेमाव्यतिरिक्त काही इच्छा आहेत का? ॲन राइस यांनी ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये (१९७६) व्हॅम्पायरला पश्चात्तापाचा आवाज दिला. त्यानंतर आलेल्या बऱ्याच नायकांना मात्र फक्त उदास चेहरा मिळाला. उदास दिसणे म्हणजे अपराध कळणे नव्हे. नायिका सज्ञान असावी, आणि उघड शृंगार असेल तर पुस्तकावर तसा उल्लेख असावा.

स्थानिक भुतावळीचा वापर जपून करावा. वेताळ म्हणजे व्हॅम्पायर हे समीकरण हिंदी पडद्याने सोपे केले. पण सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार देव आहे आणि त्याला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. डाकीण हा शब्द तर त्याहून नाजूक. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून खऱ्याखुऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि गुजरातने २०२४ मध्ये अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले. रक्तपिपासू खलनायिकेला तेच नाव देणाऱ्या लेखकाने आपण कोणाच्या जखमेवर कथा उभी करत आहोत याचा विचार करावा. याउलट खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवात फार मोठी ताकद आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते, गल्लीभर दिवे असतात, घराघरांत रोट होतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. सगळी वस्ती जागी असलेल्या त्या रात्री वसुलीला आलेल्या व्हॅम्पायरने काय करावे, हा प्रसंग फक्त खानदेशी लेखकच लिहू शकेल.

भाषेत तर अशी कादंबरी हमखास घसरते किंवा तरते. लिंबायतच्या घरात आजी अहिराणी बोलते, नात महापालिकेच्या शाळेत मराठी शिकलेली असते, लूमवर हिंदी चालते आणि शेठशी गुजराती. पात्रांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की ही सगळी श्रीमंती वाया जाते. आजीने दारातूनच ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ असे विचारले की घर उभे राहते. मात्र वाचक पुण्यातला किंवा सोलापूरचाही असेल, म्हणून अहिराणी संवाद लहान ठेवावेत आणि अर्थ प्रसंगातून कळू द्यावा. संबोधनांतूनही प्रेमकथा पुढे सरकवता येते. या वस्तीत अनोळखी तरुणाला मुलगी ‘भाऊ’ म्हणते, सुरती रिवाजाने नावापुढे ‘भाई’ लावते. वसुलीवाल्याला पहिल्या दिवशी ‘भाई’ म्हणणारी नायिका एके दिवशी तो शब्द गिळते आणि पुढे बऱ्याच प्रकरणांनंतर ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते. असे संयमाने लिहिले तर चुंबनाआधीची शंभर पाने भरलेली वाटतात.

रचनेतला एक दोष मालिका लिहिण्याच्या सवयीतून येतो. प्रतिलिपीसारख्या मंचावर भागाभागाने लिहिलेली कथा प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का देते आणि पुढच्या भागाच्या आरंभी मागचे सांगते. तीच कथा पुस्तकात तशीच ठेवली की दर सहा पानांनी कोणीतरी किंचाळते आणि लगेच सारे पुन्हा समजावले जाते. पुस्तक करताना उजळणी काढून टाकावी, धक्के निवडक ठेवावेत. कादंबरी तीन खंडांची असली तरी पहिल्या खंडाने स्वतःचा एक प्रश्न मिटवला पाहिजे. बंड अपुरे राहू शकते. नायिकेने नायकावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिथे ठरावे.

छपाईपूर्वीच्या कामांत घाई करू नये. हस्तलिखित किमान तीन प्रकारच्या वाचकांना द्यावे: भयकथा वाचणारा, प्रेमकथा वाचणारा आणि दोन्ही न वाचणारा. घरच्यांचे कौतुक मोजू नये. पैसे थोडेच असतील तर मुखपृष्ठाआधी मुद्रितशोधकावर खर्च करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ बिघडतात, म्हणून बदललेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीच लागते. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत पाठवायची असते, आणि इथे प्रकाशक म्हणजे लेखकच असतो. किंडलवर मराठी ई-पुस्तके २०१६ पासून आहेत.

उसनवारीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. स्टोकर १९१२ मध्ये वारले, त्यामुळे ‘ड्रॅक्युला’ सर्वांसाठी खुला आहे. जिवंत लेखकाच्या कादंबरीवरून रूपांतर करायचे तर परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क टिकतो. ‘नोस्फेरातू’ परवानगीविना काढला गेला तेव्हा स्टोकर यांच्या पत्नी न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज पाहता येतो.

अशा कादंबरीवर अभिप्राय लिहिणाऱ्याने आधी तिने तिघांपैकी कोणत्या वाचकाला वचन दिले आहे ते ओळखावे आणि त्याच मापाने मोजावे. ‘व्हॅम्पायर मला आवडत नाहीत’ ही आवड झाली, उणीव नव्हे. उणीव दाखवताना प्रकरण आणि प्रसंग सांगावा. बळ दाखवतानाही तेवढाच नेमकेपणा ठेवावा, कारण ‘छान जमली आहे’ या शब्दांनी लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. मुद्रणदोष यादी करून लेखकाला खासगीत कळवावेत, अभिप्रायात एका वाक्यात उरकावेत. ई-पुस्तकाची फाइल आणि मागणीनुसार छापली जाणारी प्रत केव्हाही सुधारता येते, ही स्वप्रकाशनाची मोठी सोय आहे. सुधारलेल्या आवृत्तीवर महिना-वर्ष घालावे, म्हणजे कोणत्या प्रतीवर अभिप्राय लिहिला गेला हे पुढच्या वाचकाला कळते.